नावाशिवाय चित्र: संशोधन ग्रंथालयांच्या डिजिटल संग्रहांचं एक परीक्षण



आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे. आपण कादंबरीचं परीक्षण करतो, नाटकाचं करतो, चित्रपटाचं तर पानटपरीवर उभ्या उभ्या करतो. पण ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहाचं परीक्षण कुणी करत नाही. कुणीतरी फुकट दिलंय, आपण आभार मानून घ्यावं, अशी आपली समजूत. माझं म्हणणं असं, की संग्रह हीसुद्धा एक रचना असते. काय घ्यायचं, काय सोडायचं, कशाला काय म्हणायचं, कशाच्या शेजारी काय ठेवायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. आणि जिथं ठरवणं आलं, तिथं टीका आलीच.

आज मी या संग्रहांतल्या फक्त चित्रांविषयी बोलणार आहे. छायाचित्रं, रेखाटनं, जुन्या पुस्तकांतल्या प्लेटी. मजकुराचं एक बरं असतं. मजकुरात शब्द असतात, आणि आपण शोधतो तेही शब्दानंच. चित्रात शब्द नसतो. एखाद्या छायाचित्रात बारव असते, पण 'बारव' ही तीन अक्षरांची पाटी त्यात नसते. ती बाहेरून कुणीतरी लावावी लागते. ज्यानं लावली त्याची भाषा, त्याचं पद, त्याचा काळ, हे सगळं त्या पाटीत उतरतं. मग शंभर वर्षांनी तुम्ही-आम्ही रेणापुरात बसून मोबाईलवर चित्र शोधतो, तेव्हा आपण खरं तर चित्र शोधत नसतो, ती पाटी शोधत असतो. आजच्या बोलण्याचा मुद्दा एवढाच. आता तो उलगडून बघू.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून आधी जरा दिङ्नागाकडं जातो. घाबरू नका, लवकर परत येऊ. दिङ्नाग हा पाचव्या-सहाव्या शतकातला बौद्ध तर्कपंडित. 'प्रमाणसमुच्चय' हा त्याचा ग्रंथ. तो म्हणतो, प्रत्यक्ष म्हणजे कल्पनेचा स्पर्श नसलेलं ज्ञान. इथं 'कल्पना'चा अर्थ आपल्या रोजच्या अर्थाहून वेगळा आहे. समोर जे दिसतंय त्याला नाव वगैरे जोडणं म्हणजे कल्पना. आणि हे जोडणं पाच प्रकारचं असतं. एक, नुसतं नाव. एखाद्याला आईबापानं ठेवलेलं. दोन, जात, म्हणजे 'गाय' म्हणतो तेव्हा तो प्रकार. तीन, गुण, 'पांढरी'. चार, क्रिया, 'स्वयंपाक करणारा'. पाच, द्रव्य, 'हातात काठी असलेला', दंडी. झालं. आता तुम्ही कुठल्याही ग्रंथालयाचा नोंदीचा तक्ता उघडा. व्यक्तिनाम, प्रकार, वर्णन, कृती, वस्तू. रकाने तेच आहेत. दीड हजार वर्षांपूर्वी त्यानं जणू कॅटलॉगचाच तक्ता आखून ठेवला होता.

दिङ्नाग म्हणेल, चित्र खरं, पाट्या मागाहून जोडलेल्या. नैयायिक त्याला उत्तर देतात: बाबा रे, नाव जोडलेलं ज्ञानही प्रत्यक्षच, आणि ते खरं असू शकतं, गाईला गाय म्हटल्यानं गाय खोटी होत नाही. मी इथं नैयायिकांच्या बाजूचा आहे. पाटी लावायलाच हवी, त्याशिवाय शोध शक्य नाही. म्हणून कॅटलॉग करणाऱ्यावर 'तू नावं का ठेवलीस' असा आरोप करता येत नाही. पण कोणता रकाना भरलास आणि कोणता कोरा ठेवलास, हे विचारता येतं. परीक्षणाची कसोटी ही.

सुरुवात गावापासून करू. १९८२ साली लातूर जिल्हा झाला. त्याआधी रेणापूर बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यात होतं. आणि १९४८ च्या आधी हा सगळाच मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात. आता समजा, या भागाचं १९०० सालचं एखादं छायाचित्र परदेशातल्या एखाद्या ग्रंथालयात आहे. ते कशाखाली नोंदलेलं असेल? 'महाराष्ट्र'? ते राज्य १९६० चं. 'मुंबई इलाखा'? त्यात आपण नव्हतोच. 'लातूर जिल्हा' तेव्हा जन्मायचा होता. बीडचं जुन्या इंग्रजी कागदांतलं रूप 'भीर'. नांदेडचं 'नांदेर', शेवटी 'ड' ऐवजी 'र'. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत. तिथं हैदराबाद कॉन्टिन्जंटचं घोडदळ असायचं, त्यामुळं इंग्रजी कागदांत हे नाव पुष्कळदा येतं. धाराशिव जुन्या गॅझेटिअरात 'धारासेव' म्हणून येतं. पुढं ते उस्मानाबाद झालं, आता पुन्हा धाराशिव. म्हणजे 'अंबाजोगाई' टाकून काही सापडलं नाही, तर चित्र नाही असा अर्थ होत नाही. आपलं नाव आणि त्यांची पाटी यांची गाठ पडली नाही, एवढाच अर्थ.

एक पक्कं उदाहरण देतो. औसा तालुक्यातली खरोसा लेणी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असतील. जेम्स बर्जेस १८७५-७६ च्या हंगामात या भागात आला होता. त्याचा 'बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील पुरावशेष' हा इंग्रजी अहवाल १८७८ साली लंडनला छापला गेला. त्यात खरोसा आहे, धाराशिवची लेणी आहेत. पण खरोश्याचं स्पेलिंग आहे के-ए-आर-यू-एस-ए. करुसा! आज अहवाल स्कॅन होऊन उपलब्ध आहे, कुणीही घरबसल्या उघडू शकतो. पण के-एच-ए-आर-ओ-एस-ए असं टाकणाऱ्या लातूरच्या विद्यार्थ्याला तो सापडायचा कसा? लेणं त्याच्या गावापासून तासाभरावर, अहवाल त्याच्या खिशातल्या मोबाईलवर, आणि मध्ये पावणेदीडशे वर्षांपूर्वीच्या एका साहेबाच्या कानाला ऐकू आलेला उच्चार आडवा पडलेला.

बरं, हे फक्त जुन्या साहेबांचं आहे असं समजू नका. आजची शास्त्रशुद्ध पद्धतही आपल्याला चकवते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे रोमन लिपीत मराठी लिहिण्याचे नियम आहेत. त्यात शब्दाच्या शेवटचा, आपण न उच्चारलेला 'अ'सुद्धा लिहितात. म्हणजे नागपूरच्या शेवटी एक जादा 'ए', लातूरच्या शेवटीही तोच. पद्धत तर्काला धरून आहे. लिपी बघून केलेली आहे. पण लातूरचा कुठला माणूस आपल्या गावाच्या नावापुढं तो 'ए' लावील? आणि देवनागरीत शोधावं म्हटलं तर आपली मराठीच आडवी येते. 'रेणापूर'मधला 'पू' दीर्घ, पण 'रेणापुरात' म्हटलं की 'पु' ऱ्हस्व. आपल्याला हे सामान्यरूप शाळेत शिकवलेलं असतं. यंत्राला कुणी शिकवलं नसेल, तर त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं. मराठी नोंदी देवनागरीत घातल्या म्हणजे काम संपलं, असं मानणाऱ्या आपल्या संस्थांनी याचा विचार करायला हवा.

आता गावावरून माणसांवर येऊ. इथं मामला गंभीर होतो.

राजा दीनदयाळ हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. जन्म १८४४, मृत्यू १९०५. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराचे छायाचित्रकार. मराठवाड्याच्या दृश्य-इतिहासात त्यांच्याइतका मोठा माणूस दुसरा नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत लॉर्ड कर्झनच्या नावानं जो संग्रह आहे, त्यात दीनदयाळ यांचे अल्बम आहेत. एकात १८९२ सालची निजामाच्या मुलखाची दृश्यं. वाडे, महाल, किल्ले. दुसरा अल्बम १८९९-१९०० च्या दुष्काळाचा, औरंगाबाद भागातला. त्यात दुष्काळी कामं आहेत आणि माणसंही आहेत. हाडांवर कातडं ताणलेली माणसं, रांगेत, कॅमेऱ्यासमोर. आणि त्यातल्या एका चित्राचा मथळा इंग्रजीत आहे. मराठीत आणायचा तर, 'कृशतेचे प्रकार, औरंगाबाद'.

प्रकार! आता दिङ्नागाचा तक्ता आठवा. नावाचा रकाना कोरा. जातीचा भरलेला, आणि तोही 'माणूस' म्हणून नाही. कृशतेचा नमुना म्हणून. याच दीनदयाळांनी नवाबांची, जहागीरदारांची, दरबारी मंडळींची छायाचित्रं काढली. तिथं नाव असतं, किताब असतो. तेच राज्य, तोच छायाचित्रकार, तोच काळ. एकाला नाव मिळालं, दुसऱ्याला प्रकार. मथळा दीनदयाळांनी स्वतः दिला, की अल्बम तयार करणाऱ्या अधिकाऱ्यानं, यावर आपण आज वाद घालणार नाही. अल्बम व्हाइसरॉयला दाखवण्यासाठी होता, आणि व्हाइसरॉयला माणसाचं नाव नको होतं, कामाचा पुरावा हवा होता. त्या काळाचा तो तर्क होता. याच तर्कानं १८६८ ते १८७५ दरम्यान 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले. तिथंही बहुतेक माणसं नमुने म्हणूनच उभी आहेत.

माझी तक्रार त्या काळाशी नाही. मेलेल्यांशी भांडून काय होणार? माझा प्रश्न आजच्या संग्रहाला आहे. जुना मथळा जपलाच पाहिजे. तो इतिहासाचा भाग आहे, पुसू नये. पण तो मथळाच जेव्हा शोधाचा एकमेव दरवाजा होतो, तेव्हा आपण व्हाइसरॉयच्या डोळ्यांनीच बघत राहतो. समजा, आपल्यापैकी कुणाच्या पणजोबांचे वडील त्या रांगेत असतील. त्यांच्यापर्यंत पोचायला आपल्याला काय टाइप करावं लागेल? 'कृशता'. स्वतःच्या पूर्वजाला भेटायला हा शब्द उच्चारावा लागणं, यात काहीतरी फार चुकतंय. ग्रंथालयानं काय करावं? जुना मथळा अवतरणात ठेवावा, त्याखाली आजचं वर्णन द्यावं: किती माणसं, कुठं बसली आहेत, मागं काय दिसतं. आणि नावाचा रकाना असू द्यावा. कोरा, पण असू द्यावा. 'नाव नोंदलेलं नाही' एवढे तीन शब्द लिहिले, तरी कुणाचं तरी नाव होतं हे कबूल केल्यासारखं होतं.

आता कुणी म्हणेल, सर, पाट्यांची भानगडच नको. आता यंत्र चित्र बघून चित्र शोधतं. मोबाईलमध्ये फोटो दाखवा, तसलेच दुसरे हजर. बरोबर आहे, सोय मोठी आहे. पण यंत्र बघतं म्हणजे काय करतं, हे समजून घ्या. ते चित्राचं आकड्यांच्या मांडणीत रूपांतर करतं आणि ज्या चित्रांची मांडणी जवळची, ती शेजारी आणून ठेवतं. यंत्राला आपण शब्द दिला आणि त्यानं चित्र दिलं, तर त्यामागं त्यानं पाहिलेल्या लाखो चित्रांच्या लाखो पाट्या असतात. म्हणजे पाटी गेली नाही, आत लपली. दुष्काळातली ती उघडी, हाडकुळी, जमिनीवर बसलेली माणसं यंत्राला दाखवलीत, तर ते बैराग्यांच्या, तपस्व्यांच्या चित्रांशी त्यांची जोडी लावू शकेल. आकार सारखाच की! एकानं अन्न सोडलंय, दुसऱ्याला अन्नानं सोडलंय. हा फरक आकारात नसतो, साक्षीत असतो. आणि साक्ष द्यायला माणूस लागतो.

आकारावर विसंबण्याचा दुसरा धोका तर मजेशीर आहे. विल्यम जॉन्सन नावाचा एक छायाचित्रकार १८५० च्या दशकात मुंबईत होता. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचं त्याचं पुस्तक १८६० च्या दशकात दोन भागांत निघालं. आज पश्चिम भारतातली त्याची छायाचित्रं अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या डिगॉलियर ग्रंथालयात आहेत, आणि ती त्यांनी उत्तम दर्जात सगळ्यांसाठी खुली केली आहेत. त्याबद्दल त्यांचं कौतुक. पण जॉन्सनची पुस्तकातली करामत काय होती? माणसांचे फोटो स्टुडिओत काढायचे आणि मागची जागा, देऊळ, घाट, वेगळ्या फोटोतून आणून जोडायची. म्हणजे ती माणसं त्या देवळापुढं कधी उभी नव्हतीच. यंत्राला विचारा, ते सांगेल 'देवळापुढच्या स्त्रिया'. दिसतंय ते त्यानं बरोबर सांगितलं, आणि घडलेलं साफ चुकलं. नैयायिक याला भ्रम म्हणतील: शिंपल्यावर रुपं दिसणं. जाणकारानं 'हे जोडचित्र आहे' अशी एक ओळ नोंदीत घातली, की भ्रम संपला. ती ओळ हा संग्रहाचा खरा दर्जा. चित्र किती मेगाबाइटचं आहे, हा नंतरचा प्रश्न.

प्रचंड प्रमाणाचंही एक उदाहरण घेऊ. डिसेंबर २०१३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीनं दहा लाखांहून अधिक चित्रं एकदम लोकांसाठी खुली केली. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतली सुमारे ६५,००० पुस्तकं स्कॅन झाली होती. त्यांच्या पानांवरची चित्रं संगणकानं आपोआप कापून वेगळी काढली. औदार्य मोठंच. पण प्रत्येक चित्राबरोबर माहिती कसली? पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पान. चित्रात काय आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लायब्ररीनं ते मोकळेपणानं सांगितलं आणि लोकांना म्हटलं, तुम्हीच पाट्या लावा. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण परिणाम बघा. पानाचं चित्र पानापासून तुटलं. वरच्या ओळीत लेखक काय म्हणतो, शेजारच्या पानावर काय आहे, हा सगळा प्रसंग गेला. दहा लाख चित्रांचा ढीग झाला, आणि ढिगात सापडतं ते नशिबानं. कडबा रचलेला असला तर पेंढी काढता येते. विस्कटलेला असला तर नुसतं तुडवणं होतं.

आता जरा घरचंही बघू, नाहीतर म्हणाल परक्यांनाच झोडपतायत. आपल्याकडं 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' हा सरकारी प्रकल्प झाला. लाखो पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठीही पुष्कळ. काही वर्षांपूर्वी ते संकेतस्थळ बंद पडलं, आणि पुस्तकं वाचली ती मुख्यतः इंटरनेट आर्काइव्हवर प्रती गेल्या म्हणून. पण चित्रांच्या दृष्टीनं त्या प्रकल्पात मुळातच एक निर्णय झाला होता. पानं स्कॅन केली ती निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. राखाडी छटा नाही. अक्षरांना ते चालतं. अक्षर काळंच असतं. पण छायाचित्राची प्लेट म्हणजे सगळ्या राखाडी छटांचा खेळ. ती काळ्या-पांढऱ्यात ओढली की तिचा डाग होतो. जुन्या मराठी चरित्रग्रंथांतले फोटो त्यात बघा. मिशा आणि पगडी तेवढी उरते, माणूस नाहीसा. पुस्तक म्हणजे मजकूर, चित्र म्हणजे शोभा, ही आपली जुनी समजूत तिथं यंत्रात उतरली. नावंही रोमन लिपीत, वाट्टेल तशी लिहिलेली. तिथं चित्र शोधायचा प्रश्नच नव्हता, कारण चित्र आधीच मेलेलं होतं.

याच्या उलट चांगलं काम कसं असतं, तेही सांगितलं पाहिजे. शिकागो विद्यापीठाचा दक्षिण आशियाविषयीचा डिजिटल संग्रह आपल्यापैकी अनेक जण न ओळखता वापरतात, कारण मोल्सवर्थचा शब्दकोश तिथंच बघायला मिळतो. त्याच संग्रहात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेच्या छायाचित्रसंग्रहातली देवळांची, शिल्पांची छायाचित्रं आहेत. तिथली नोंद स्थळाला, वास्तूला, मूर्तीच्या ओळखीला धरून केलेली असते. म्हणजे नोंद करणाऱ्याला शिल्पशास्त्र ठाऊक आहे. मराठवाड्यातल्या देवळांचा अभ्यास करणाऱ्यानं तिथं जायलाच हवं. माझी तिथं एकच खंत आहे. शब्दकोश आणि चित्रं एकाच घरात राहतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मोल्सवर्थमधल्या शब्दाला धरून चित्रापर्यंत जाता आलं, तर काय बहार होईल!

आणि हे नुसतं बहारीसाठी म्हणत नाही. एक शब्द घेतो: माळवद. तुम्हाला सांगायला नको. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. इंग्रजी नोंदीत याचं काय होतं? 'सपाट छपराचं घर'. सपाट छप्पर सिमेंटचंही असतं! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या सुमारास, काय झालं ते या भागात प्रत्येकाला माहीत आहे. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात. माणसं मेली ती मुख्यतः त्या दगडी भिंती आणि छपरावरचा मातीचा भार अंगावर येऊन. गावं नव्या जागी वसली, जुनी गावठाणं मागं पडली. आता कुणाला अभ्यासायचं असेल की भूकंपाआधी माळवद कसं बांधत, कालांतरानं मातीचा थर किती वाढत गेला, तर जुनी छायाचित्रं हाच पुरावा. पण 'माळवद' हा शब्दच कुठल्या नोंदीत नसेल तर? आणि भूकंपाचं नावही एक नाही. इंग्रजी लेखनात कुठं किल्लारी, कुठं 'खिल्लारी', कुठं लातूर, कुठं नुसतं मध्य भारत. इंजिनिअरला जी माहिती जीव वाचवायला लागेल, ती पाटीअभावी अडून बसते. म्हणून म्हणतो, शब्दाचा प्रश्न हा भाषाप्रेमाचा हळवा प्रश्न नाही.

आता व्यवहाराचं बोलू. ऑनलाइन ऐकणाऱ्यांत विद्यार्थी पुष्कळ आहेत. चित्र कसं शोधायचं? पहिलं, गावाची सगळी नावं एका कागदावर लिहा: आजचं, निजामाच्या काळचं, इंग्रजी कागदांतली दोन-चार रूपं. दुसरं, 'महाराष्ट्र' सोडून 'हैदराबाद', 'निजामाचा मुलूख', 'दख्खन' असे शब्द वापरा. तिसरं, काढणाऱ्याच्या नावानं जा. बर्जेस, कझिन्स, दीनदयाळ. हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी. चौथं, एक चित्र सापडलं की थांबू नका. ते ज्या अल्बममधलं आहे तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळा. अल्बमचा क्रम हाही एक मजकूर असतो. पाचवं, पुस्तकातली प्लेट हवी असेल तर चित्र शोधू नका, पुस्तक शोधा, आणि त्यातली प्लेटींची यादी काढा. बर्जेसच्या रेखाटनांपर्यंत जायचा सरळ रस्ता तोच.

आणि सहावं, सर्वांत महत्त्वाचं. दुवा जपून ठेवू नका. संग्रहाचं नाव आणि चित्राचा क्रमांक वहीत लिहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणीसाठी. संकेतस्थळ कोसळलं, कॅटलॉगसुद्धा गेला. तो जानेवारी २०२४ मध्ये परत आला, तोही आधी नुसता बघण्यापुरता. डिजिटल संग्रह कितीतरी काळ बंद राहिले. जगभरच्या प्रबंधांतले, लेखांतले दुवे एका रात्रीत मुके झाले. ज्यांच्याकडं क्रमांक होता, त्यांच्याकडं निदान पत्ता होता. चित्रं कपाटात सुखरूप होती. हरवला होता तो रस्ता. ज्या वाड्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, तिथं आपण पाहुणेच, हे त्यातून शिकायचं.

म्हणून शेवटचा मुद्दा आपल्या घरांचा. ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या वर, भिंतीवर काळ्या फ्रेममध्ये आपल्याकडं जे फोटो आहेत, तोही संग्रहच आहे. आणि त्याची नोंद सध्या फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. लातूर, नांदेड, अंबाजोगाईच्या महाविद्यालयांना माझी विनंती आहे. स्कॅनरची वाट बघू नका. एका वर्गानं एका गावाचे फोटो घ्यावेत आणि दिङ्नागाचे पाच रकाने आखावेत. नाव काय. नातं किंवा जात-प्रकार काय. कसं दिसतंय. काय करतायत. हातात, अंगावर, मागं काय आहे. मराठीत, आपल्याच शब्दांत: बारव, माळवद, तिफण, मोट, बळद. मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहावं, शाई पाझरते. आणि जे माहीत नाही तिथं अंदाज ठोकून देऊ नये. रकाना कोरा ठेवावा, त्यापुढं 'नाव विचारायचं आहे' असं लिहावं. बाईचा फोटो असेल तर 'अमक्याची बायको' एवढ्यावर थांबू नका. तिचं नाव विचारा. माहेरचंही विचारा. नाहीतर व्हाइसरॉयच्या अल्बममध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला?

चित्र कुणाचं, याचा निकाल कपाटाची मालकी करत नाही. त्याला नाव कोण देतं, त्यावर तो ठरतो. आणि सांगणारी माणसं आज आहेत, उद्या असतीलच असं नाही. प्रश्न असतील तर अवश्य विचारा, मी थांबतो. नमस्कार.